टोपी फिरवायच्या आत हॅम्लेट मेला पाहिजे

समजा तुमच्याकडे चार नट आहेत, झाडाखाली एक लाकडी माची आहे, वीस-पंचवीस मिनिटं आहेत आणि नाटक करायचंय हॅम्लेट. तिकीट नाही. खुर्च्या नाहीत, गवताचे भारे टाकलेत बसायला. एका बाजूने बॅगपाइपवाला चाललाय, दुसऱ्या बाजूला कोणीतरी चाकू हवेत उडवून झेलतोय, आणि समोरच्या माणसाच्या एका हातात बिअर नि दुसऱ्या हातात टर्कीची भाजलेली तंगडी आहे, तो कधीही उठून जाऊ शकतो आणि त्याला कोणी काही म्हणणार नाही. शेवटी तुम्ही टोपी फिरवणार, त्यात जे पडेल ते तुमचं.

१९८१ ला कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला नोव्हाटो गावाजवळ डॅनियल सिंगर नावाच्या तरुण नटाने हे खरोखर केलं. त्यातून जी मंडळी उभी राहिली तिचं नाव रिड्यूस्ड शेक्सपिअर कंपनी, आणि त्यांचं नाटक 'द कम्प्लीट वर्क्स ऑफ विल्यम शेक्सपिअर (अब्रिज्ड)', म्हंजे शेक्सपिअर संपूर्ण पण संक्षिप्त, पुढे लंडनच्या वेस्ट एंडमध्ये, म्हंजे तिथल्या मोठ्या नाट्यगृहांच्या भागात, सलग नऊ वर्षं चाललं. मला या केसमध्ये इंटरेस्ट एवढ्याचसाठी आहे की सगळे त्यांचं कौतुक 'काय भन्नाट आयडिया' म्हणून करतात आणि माझं म्हणणं असं की आयडिया बिडिया नंतर, या नाटकाची खरी दिग्दर्शक ती टोपी होती. कसं ते सांगतो.

आधी ती जत्रा काय होती ते बघू. रेनेसाँ फेअर हा प्रकार अस्सल अमेरिकन, नाव युरोपचं असलं तरी. १९६३ ला लॉस एंजेलिसमध्ये फिलिस पॅटरसन आणि तिचा नवरा रॉन यांनी केपीएफके नावाच्या रेडिओ स्टेशनला पैसे जमवायला दोन दिवसांची जत्रा भरवली. फिलिस शाळेत शिकवायची, घरच्या अंगणात पोरांकडून जुन्या इटालियन पद्धतीची, मुखवटे घालून आयत्या वेळी बोलायची कॉमेडी करून घ्यायची, त्यातून हे वाढलं. कल्पना अशी की इंग्लंडमधलं पहिल्या एलिझाबेथच्या काळातलं अख्खं गावच उभं करायचं, लोहार, कुंभार, भिकारी, सरदार, राणीची स्वारी सगळं, आणि काम करणाऱ्यांनी दिवसभर त्याच भाषेत बोलायचं. लॉस एंजेलिसवाली जत्रा पुढे बरीच वर्षं अगोऱ्याच्या पॅरामाउंट रँचवर, म्हंजे जिथे सिनेमाची शूटिंगं व्हायची त्या माळावर भरायची, आणि उत्तरेकडची नोव्हाटोच्या ब्लॅक पॉइंटला ओकच्या झाडीत. उन्हाळा संपतानाचे वीकएंड, धूळ, ऊन आणि सोळाव्या शतकातले जाड कपडे. मखमली अंगरखा घालून नव्वदच्या वर गेलेल्या फॅरनहाइटमध्ये उभं राहायला वेगळीच हौस लागते.

आता आपल्या माणसाला हे समजायला अजिबात अवघड नाही. गावच्या जत्रेत दोन फड शेजारी शेजारी उतरलेत, एकीकडची ढोलकी वाजली की इकडचं पब्लिक तिकडे सरकतं, हे ज्याने बघितलंय त्याला नोव्हाटो समजलं. फरक एवढाच की आपल्याकडे दौलतजादा चालू खेळातच होते, नोट वर धरली की तिथेच नाव पुकारलं जातं, त्यामुळे खेळ कसा चाललाय ते फडाला जागच्या जागी कळतं. टोपीचं तसं नाही. टोपी शेवटी फिरते. तुम्ही बावीस मिनिटं जीव तोडलात आणि तेविसाव्या मिनिटाला शेजारच्या स्टेजवर आग गिळणारा आला की झालं, तुमची मेहनत त्याच्या खिशात. म्हणून शेवट सगळ्यात जोरात हवा आणि शेवट न् टोपी यांच्यात श्वास घ्यायलाही जागा नको.

म्हणून हॅम्लेट. लोक म्हणतात विडंबनाला शेक्सपिअर निवडला म्हंजे कसलं धाडस. कसलं धाडस हो, उलट तो सगळ्यात सेफ निर्णय होता. विडंबन तेव्हाच लागतं जेव्हा समोरच्याला मूळ ठाऊक असतं, निदान ऐकून तरी. हॅम्लेट न वाचलेल्या माणसालाही भूत, कवटी, ते जगायचं का मरायचं वालं भाषण आणि शेवटी सगळे मरतात एवढं माहीत असतंच. आपल्याकडे तर ते स्वगत नटसम्राटमुळे हॅम्लेटचं पानही न उघडलेल्या लोकांच्या कानात बसलंय. म्हंजे अर्धी गोष्ट प्रेक्षक घरूनच घेऊन येतो, तुम्ही फक्त इशारा करायचा. त्या जत्रेत शेक्सपिअरचंच पण फारसं कोणाला माहीत नसलेलं सिंबेलिन करून बघा, टोपीत पानं पडतील झाडाची.

मूळ नाटकाची लांबी काढून बघा. न कापता केलं तर चार तास, शब्द तीस हजाराच्या आसपास. ते पंचवीस मिनिटांत आणायचं म्हंजे कापाकापी म्हणताच येत नाही त्याला, जवळजवळ सगळं फेकायचं आणि काय ठेवायचं तेवढंच ठरवायचं. आणि ही युक्ती अगदीच पहिल्यांदा होत होती असंही नाही. टॉम स्टॉपर्डने आधीच हॅम्लेटचं पंधरा मिनिटांचं रूप केलं होतं, १९७६ ला लंडनच्या नॅशनल थिएटरबाहेर उघड्यावर त्याचा खेळ झाला होता, आणि गंमत म्हंजे त्यात शेवटी वन्स मोअर म्हणून तेच नाटक पुन्हा एकदा झटक्यात करून दाखवायचे. पण स्टॉपर्ड ओळी शेक्सपिअरच्याच ठेवतो, जोक वेगाचा असतो. सिंगरच्या मंडळींना नुसता वेग पुरणार नव्हता कारण त्यांच्यासमोर तंगडी खाणारा माणूस होता.

सुरुवातीला चौघं. सिंगर, जेस बोर्गेसन (हाच पुढे जेस विनफिल्ड नावाने लिहायला लागला), मायकल फ्लेमिंग आणि बार्बरा रायनर्टसन. पुढच्याच वर्षी बार्बरा मंडळी सोडून गेली आणि अ‍ॅडम लाँग आला, आणि बायकांच्या भूमिका त्याच्याकडे गेल्या. इथे एक मोठी गोष्ट घडली असं मला वाटतं. शेक्सपिअरच्या काळात स्त्री पार्ट पोरंच करायची, बायका इंग्लंडच्या रंगभूमीवर आल्या १६६० नंतर, तेव्हा जत्रेच्या नियमात हे बसतही होतं. पण हा काही बालगंधर्व नव्हे की पुरुषांनी बघत राहावं आणि बायकांनी लुगड्याची नेसण उचलावी. हा विग म्हंजे विग आहे हे ओरडून सांगणारा विग. डोक्यावर टाकला की ऑफिलिया, काढला की अ‍ॅडम. दोन सेकंदांचं काम. माणसं कमी आणि पात्रं जास्त, त्यामुळे कपडे बदलण्याची घाई हाच एक विनोद झाला, आणि गरीब मंडळीचा हा विनोद फार टिकाऊ असतो कारण तो दर खेळाला थोडा थोडा खरंच फसतो.

१९८३ मध्ये दक्षिणेकडच्या जत्रेसाठी त्यांनी दुसरा तुकडा केला, रोमिओ अँड ज्युलिएट, तिघांत. परत तेच गणित, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट, बाल्कनी, विष, सुरा. म्हंजे आता हातात दोन तुकडे, दोन्ही जत्रेत घासून गुळगुळीत झालेले. वीकएंडला दिवसात अनेक खेळ व्हायचे, आणि एखादा जोक पडला की अर्ध्या पाऊण तासात पुढच्या खेळात तो काढता यायचा. तालमीच्या खोलीत हे होत नाही, तिथे आपलेच मित्र हसत असतात. लेखकाला एवढ्या लवकर निकाल कुठे मिळतो सांगा.

नावही तेव्हाचं. रॉयल शेक्सपिअर कंपनी, १९६१ पासूनची इंग्लंडची मोठी सरकारमान्य संस्था, तिची आद्याक्षरं आरएससी. यांचीही आरएससी. आपल्याकडे कोणी दिल्लीच्या नॅशनल स्कूल ऑफ ड्रामावरून गल्लीतल्या ग्रुपला एनएसडी नाव ठेवून 'नुसती सुट्टीची डोकेदुखी' म्हणावं तसं.

मग १९८७. एडिनबरा फ्रिंजला, म्हंजे स्कॉटलंडमधल्या मोठ्या नाट्यमहोत्सवाला जायचं ठरलं. आणि इथे केसचा खरा पेच आहे, बाकी सगळं त्याच्या आधीचं किंवा नंतरचं. फ्रिंजला साधारण तासाभराचा स्लॉट असतो, बंद खोली असते, प्रेक्षक तिकीट काढून येतो. यांच्याकडे दोन तुकडे, मिळून पाऊण तास. काय करणार? एखाद्याने तिसरं नाटक उचललं असतं, मॅकबेथ वगैरे, आणि तीन एकांकिकांचा सुटसुटीत कार्यक्रम केला असता. यांनी ठरवलं की उरलेल्या वेळात बाकीची सगळी नाटकं करायची. सगळी म्हंजे सगळी, सदतीस. (१६२३ च्या पहिल्या फोलिओत, म्हंजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या मोठ्या संग्रहात, छत्तीस आहेत, पेरिक्लीस धरून सदतीस होतात, पंडित लोक अजून एक दोन जोडतात पण सदतीस हा आकडा लोकांना पाठ.)

हा निर्णय मला फार आवडतो कारण तो बघायला मूर्खपणाचा आहे आणि आतून एकदम हिशोबी. तीन नाटकांचं विडंबन बघायला प्रेक्षक 'बघू' म्हणून येतो. सदतीस नाटकं एका बैठकीत म्हटलं की ती पैज होते. आणि पैज लागली की माणूस निकाल लागेपर्यंत हलत नाही. जत्रेत जे काम माणूस उठून जाण्याच्या भीतीने केलं होतं ते आता घड्याळाने करायचं होतं. पुढे पूर्ण लांबीच्या प्रयोगाची जाहिरातच तशी झाली, सदतीस नाटकं सत्त्याण्णव मिनिटांत.

आता नाटकाची रचना बघा म्हंजे शिवण कुठे आहे ते दिसेल. सुरुवात कशाने? रोमिओ ज्युलिएट, म्हंजे १९८३ चा तुकडा. दुसरा अंक अख्खा कशाचा? हॅम्लेट, १९८१ चा. मधला जो भाग तो नव्याने भरलेला. टायटस अँड्रॉनिकस या रक्तबंबाळ नाटकाचा कुकिंग शो केलाय (मूळ नाटकात आईला तिच्याच पोरांचं मांस भरून भाजलेला पदार्थ खाऊ घालतात, तेव्हा हे काही ओढूनताणून आणलेलं नाही), राजेलोकांच्या ऐतिहासिक नाटकांची अमेरिकन फुटबॉलची मॅच केलीय, मुकुट म्हंजे बॉल, ऑथेल्लो रॅपमध्ये, आणि सोळा कॉमेड्या एकत्र करून एकच गोष्ट सांगून टाकलीय, कारण काय तर सगळ्यांत जुळे, जहाज फुटणं आणि वेषांतर हेच असतं. हे शेवटचं खरं म्हंजे समीक्षा आहे. कॉलेजात शिकवणाऱ्यांना सांगायला तीन लेक्चरं लागतील ते इथे पाच मिनिटांत होतं.

पण मधला भाग जत्रेत घासलेला नाही हे जाणवतं, मला तरी. संहिता वाचताना रोमिओ आणि हॅम्लेटमध्ये एकेका वाक्याला जागा आहे, माणूस कुठे उभा आहे ते कळतं, आणि मधले तुकडे हे 'एक आयडिया, एक जोक, पुढे' असे आहेत. ऑथेल्लोचं तर आता अवघडच झालंय, तिघं गोरे लोक रॅप करतायत याच्यात १९८७ ला जे हसू होतं ते आज तसं येत नाही. पुढे संहितेची सुधारित आवृत्तीही आली, नावातच 'संक्षिप्त' च्या पुढे 'सुधारित' चिकटवून. ताजे संदर्भ तर दर ठिकाणी, दर वर्षी बदलायचेच असतात यात, आपल्या बतावणीत सोंगाड्या कालचा पेपर वाचून आलेला असतो तसंच.

बंद नाट्यगृहाचा प्रॉब्लेम त्यांनी कसा सोडवला तो भाग मात्र मला एकदम जवळून दाखवायचाय. प्रॉब्लेम असा की खुर्चीवरचा प्रेक्षक पैसे भरून बसलाय, तो पळणार नाही. मग ती जत्रेतली धडधड कुठून आणायची? उत्तर, नट पळतो. पहिला अंक संपत आला, छत्तीस नाटकं झाली, आता फक्त हॅम्लेट राहिलं, आणि तिघांतला एक जण म्हणतो मी नाही करणार, हॅम्लेट फार मोठं आहे, आणि सरळ थिएटरबाहेर पळतो. दुसरा त्याला पकडायला मागे. तिसरा एकटा स्टेजवर, समोर हॉल भरलेला, काय करावं सुचत नाही, आणि तसंच इंटरव्हल. लक्षात घ्या, पात्रांची नावं हे पूर्ण नाटक पहिल्यांदा करणाऱ्या तिघांचीच, अ‍ॅडम, डॅनियल, जेस. म्हंजे जत्रेत जसा नट हा नट म्हणूनच समोर उभा असतो, राजा वगैरे मधूनमधून, तेच इथे नाटकाची चौकट झालं.

आणि ऑफिलियाचा प्रसंग. हॅम्लेट तिला मठात जा म्हणतो आणि तिने किंकाळी फोडायची, एवढंच. त्यासाठी प्रेक्षकांतली एक बाई स्टेजवर आणतात. मग म्हणतात हिच्या मनात काय चाललंय ते दाखवायला पाहिजे, आणि फ्रॉइडने सांगितलेले मनाचे तीन भाग, इगो, इड, सुपरइगो काढून अख्ख्या हॉलचे भाग पाडतात, प्रत्येक भागाला वेगळं वाक्य, कोणी हात हलवायचे, कोणी पुढून मागे पळायचं, सगळे एकदम ओरडायला लागले की एका क्षणी सगळं थांबवायचं आणि सगळा प्रकाश त्या बाईवर. ती किंचाळते. कशीही किंचाळली तरी टाळ्या पडतात, चांगली किंचाळली तरी, लाजून चिमणीसारखी किंचाळली तरी जास्तच. हे ज्याने उघड्यावर गर्दी जमवलीय त्यालाच सुचतं, की लोकांना कामाला लावलं की ते जात नाहीत.

एवढ्या गोंधळात एक जागा आहे जिथे विनोद थांबतो. टू बी ऑर नॉट टू बी ते उडवून लावतात, आणि त्याच हॅम्लेटचं दुसरं भाषण, माणूस म्हंजे काय कमालीची कलाकृती आणि तरी मला त्यात गोडी नाही असं सांगणारं, ते एक नट साधं उभं राहून, विग नाही काही नाही, सरळ बोलतो. हॉल गप्प. मला वाटतं हे जत्रेत शक्यच नव्हतं, बॅगपाइपवाल्याने मारलं असतं ते. बंद खोलीने त्यांना दिलेली ही एकच नवी गोष्ट, आणि ती त्यांनी बरोबर वापरली. आणि मुद्दा बघा, सगळ्यांना पाठ असलेलं भाषण चेष्टेला आणि कमी माहीत असलेलं मनापासून.

शेवट तर टोपीच. हॅम्लेट संपलं, सगळे मेले, टाळ्या, मग तेच हॅम्लेट परत, वेगात. मग आणखी वेगात, काही सेकंदांत. आणि मग उलटं. अक्षरशः मागून पुढे, मेलेले उठतात, तलवारी मागे जातात, ओळी उलट्या. टोपी फिरवायच्या आधी गर्दीला शेवटच्या दोन मिनिटांत असं काही द्यायचं की हात खिशात आपोआप जावा, हे ज्याच्या हाडात गेलंय तोच असा शेवट लिहितो. लंडनला ज्या क्रायटेरियन थिएटरमध्ये ते नऊ वर्षं चाललं तिथे टोपी नव्हती, तरी शेवट तोच राहिला.

पुढचं पटकन सांगतो. १९८९ ला खुद्द सिंगर बाहेर पडून डिस्नेच्या थीम पार्क डिझाइन करणाऱ्या विभागात गेला आणि त्याच्या जागी रीड मार्टिन आला, जो आधी रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत विदूषक होता. १९९२ ला विनफिल्डही बाहेर पडला, ऑस्टिन टिचनर आला. नाटकातली पात्रं नटांच्या खऱ्या नावांची, आणि तरी माणसं बदलून नाटक चालू राहिलं, यातच कळतं की ते कोणा एकाच्या चेहऱ्यावर उभं नव्हतं. लाँग, मार्टिन आणि टिचनर यांनी पुढे हाच साचा अमेरिकेचा इतिहास, बायबल असं करत इतर जाड विषयांवर लावला. १९९६ मध्ये पिकॅडिली सर्कसला जमिनीखाली असलेल्या क्रायटेरियनमध्ये सदतीस नाटकं लागली आणि २००५ पर्यंत चालली. सहाशेच्या आतबाहेर खुर्च्यांचं थिएटर. एवढं लहान होतं म्हणून चाललं असंही माझं मत, दीड हजारांच्या हॉलमध्ये ती किंचाळणारी बाई मागच्या रांगेला मुंगीएवढी दिसली असती.

आता हे सगळं मी एवढं का घोकून बसलोय. तर गेल्या गणपतीत सोसायटीत आम्ही सहा जणांनी झुंझाररावची वीस मिनिटांची टवाळी केली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, झुंझारराव म्हंजे देवलांनी मराठीत आणलेला ऑथेल्लो. हॅम्लेट आपल्याकडे त्याच्याही आधी आगरकरांनी 'विकारविलसित' म्हणून आणला, १८८३ चं पुस्तक, आणि गणपतराव जोशींनी तो गाजवला. म्हंजे शेक्सपिअर आपल्याला काही परका नाही, असं मी प्रास्ताविकात म्हणालो. हो, प्रास्ताविक होतं. सात मिनिटांचं. नाटकाची परंपरा, कलाकारांचा परिचय, सेक्रेटरी काकांचे आभार. त्यातच खाली वडापावच्या गाडीवर पहिला घाणा निघाला आणि वास वर आला, आणि लोक उठले ते कोणाशी न बोलता, शांतपणे, चपला शोधत. झुंझारराव एंट्री घेऊन आला तेव्हा समोर अकरा माणसं, त्यातल्या चार नटांच्या आया. टवाळीही पडली कारण झुंझारराव आता कोणाला माहीत आहे, रुमाल हरवला म्हणून बायकोवर संशय घेणारा माणूस हे समजेपर्यंत रुमाल सापडलेला होता.

यंदा हॅम्लेट आहे. तिघंच आहोत, विग माझ्या मावशीचा आहे, वेळ आरतीनंतर पण वडापावच्या आधी मागून घेतलीय. पहिल्याच मिनिटात तलवारबाजी, सूत्रसंचालन नाही. ऑफिलियाची किंचाळी सेक्रेटरी काकूंनी मारायचीय, त्यांना अजून सांगितलेलं नाही. आणि आरतीचं ताट तिथेच असतं, तर संपल्या संपल्या तेच फिरवू म्हणालो होतो, पण त्यावरून सध्या ग्रुपवर भांडण चालू आहे.